वाडीत रेंज नाही, पंचायतीतली पेटी बंद: अर्ज कुठे आणि कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा. सह्याद्रीच्या पायथ्याची ग्रामपंचायत. कार्यालयात भारतनेटची, म्हणजे पंचायतींना फायबर केबलने इंटरनेट देणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी बसून सहा वर्षे झाली, त्यातली शेवटची दोन वर्षे ती बंदच आहे. गावठाणात एका कंपनीची रेंज येते, पण चारपैकी तीन वाड्यांत फोन लागत नाही. टॉवर मिळावा म्हणून ग्रामसभेने ठराव केला, तर "गाव कव्हर्ड आहे" असे उत्तर आले. मग सरकारच्या योजना नेमक्या कोणासाठी आहेत आणि आता करायचे काय?

सगळ्यात आधी हा एक अर्ज फोडून त्याचे वेगळे अर्ज करा. बंद पेटी हा फायबरचा विषय, वाड्यांतली रेंज हा टॉवरचा विषय. गावठाणात रेंजच्या काड्या दिसतात पण नेट चालत नाही, अशी तक्रार असेल तर तो तिसराच विषय. तिन्हींची कार्यालये वेगळी, पैसा वेगळ्या योजनेतला आणि दुरुस्तीही वेगळी. "आमच्या गावात नेटवर्कची समस्या आहे" असा एकच अर्ज गेला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, आणि प्रत्येक टेबलावरचे "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर खरेही असते.

पैशाचे आधी सांगतो, कारण मागणी करताना त्याचा उपयोग होतो. दूरसंचार कंपन्या त्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम ग्रामीण सेवेच्या निधीत भरतात. हा निधी २००२ पासून आहे. २००३ च्या कायदादुरुस्तीने त्याला वैधानिक दर्जा मिळाला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. म्हणजे तुमच्या रिचार्जमधलाच हिस्सा तिथे जातो. वाडीत टॉवर मागणे ही मेहेरबानीची याचना समजू नका. तो निधी याच कामासाठी आहे.

आता "गाव कव्हर्ड आहे" या उत्तराकडे येऊ. सरकारी आकड्यांनुसार डिसेंबर २०२४ पर्यंत देशातल्या ६,४४,१३१ गावांपैकी ६,१५,८३६ गावांत ४जी पोहोचले होते. आकडा मोठा आहे, पण तो महसुली गावांचा आहे. कोकणात, मावळात, नंदुरबारच्या पाड्यांत एका महसुली गावाखाली पाच-सात वस्त्या असतात आणि त्या एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटरवर, मधे डोंगराची सोंड टाकून वसलेल्या असतात. गावठाणात एका कंपनीचा सिग्नल मिळाला की यादीत अख्ख्या गावापुढे बरोबरची खूण होते. तुमच्या तीन वाड्या त्या खुणेखाली गाडल्या गेल्या आहेत. कोणी खोटे लिहिलेले नाही. मोजायचे एककच चुकीचे आहे. म्हणून "गाव" हा शब्द अर्जातून काढा आणि प्रत्येक वाडीचे नाव, उंबरे, लोकसंख्या आणि अक्षांश-रेखांश लिहा.

योजना कोणत्या, तेही माहीत हवे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटींची योजना मंजूर झाली. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांतले टॉवर त्याआधीपासूनच्या वेगळ्या योजनेतले आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे २७ जुलै २०२२ ला मंजूर झालेली ४जी सॅच्युरेशन योजना: २६,३१६ कोटी रुपये, रेंज नसलेली २४,६८० गावे, शिवाय फक्त २जी-३जी असलेल्या ६,२७९ गावांना ४जी. तुमच्या कामाची मेख पुढे आहे. पुनर्वसन, नवी वस्ती, आधीच्या कंपनीने सेवा बंद करणे अशा कारणांसाठी या योजनेत २० टक्के जादा गावांची सोय ठेवली आहे. काम बीएसएनएलकडे आहे आणि यंत्रणा देशी बनावटीची. टॉवर उभारण्याबरोबर पाच वर्षे चालवण्याचा खर्चही योजनेत धरलेला आहे. हे लक्षात ठेवा, कारण डिझेल नाही, बॅटरी नाही म्हणून टॉवर बंद असला तर "निधी नाही" हे उत्तर त्या मुदतीत चालत नाही.

वाडीची मोजणी

अर्जाला जोडायचा पुरावा तुमच्या खिशातला फोनच देतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडा. 'सिग्नल स्ट्रेंथ'पुढे वजा चिन्हासह आकडा दिसेल, एकक डीबीएम. आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल चांगला. इथे हमखास गफलत होते: उणे ११५ हा उणे ९५ पेक्षा मोठा म्हणून चांगला समजला जातो. ४जीसाठी ढोबळ हिशेब असा धरा. उणे ९० च्या अलीकडे असेल तर घरातही नीट चालते. उणे १०५ च्या आसपास अंगणात चालते, घरात रडते. उणे ११५ च्या पलीकडे बोलणे तुटते. उणे १२० च्या पुढे फोन टॉवर सोडूनच देतो.

प्रत्येक वाडीत किमान तीन जागी मोजा: वस्तीच्या मध्यभागी, शाळेत किंवा अंगणवाडीत, आणि वाडीच्या शेवटच्या घराच्या आत. प्रत्येक कंपनीचे सिम वेगळे मोजा. फोन दोन मिनिटे एका जागी स्थिर धरा, मग आकडा टिपा. पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख आणि वेळ लिहा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा मोजले तर उत्तम, कारण हिरव्या गच्च झाडीतून सिग्नल दबतो.

मग हे आकडे कंपनीच्या नकाशाशी ताडून पाहा. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर कुठे २जी, कुठे ४जी, कुठे ५जी मिळते याचा नकाशा ठेवावा लागतो. नकाशात तुमची वाडी रंगवलेली असेल आणि प्रत्यक्षात उणे १२० येत असेल, तर नुसत्या मागणीपेक्षा हा फरक जास्त वजनदार आहे. तो आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार नोंदवल्याचा क्रमांक, घ्या. समाधान झाले नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानंतर दूरसंचार विभागाची तक्रार यंत्रणा. डॉकेट नंबर नसेल तर वरचे कोणी दाद देत नाही. ही पायरी गाळू नका.

एक तपासणी मात्र अर्जाआधीच करा. तालुक्यात बीएसएनएलचा नवा ४जी टॉवर उभा आहे, तरी फोन पकडत नाही, असे बऱ्याच ठिकाणी होते. ते ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांवर चालते. डोंगराळ भागात दूर पोहोचतो तो ७०० चा पट्टा, ज्याला बँड २८ म्हणतात, आणि बरेच जुने किंवा स्वस्त फोन नेमका तोच पकडत नाहीत. फोनचे मॉडेल शोधून त्याच्या पट्ट्यांच्या यादीत २८ आहे का ते पाहा. सिमही ४जीचे हवे. जुने सिम बदलून घ्या आणि सेटिंग्जमध्ये 'VoLTE' (४जीवरून बोलण्याची सोय) चालू करा, नाहीतर नेट येईल पण फोन लागणार नाही. दुसरे असे, की सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर जानेवारी २०२५ पासून एकमेकांच्या ग्राहकांना सेवा द्यायची व्यवस्था सुरू झाली आहे. तीत बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ आहेत. तुमच्या जवळचा टॉवर त्या निधीतला असेल तर नेटवर्क निवड 'आपोआप'वर ठेवा, डेटा रोमिंग चालू करा आणि फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. एवढ्यावर काम भागत असेल तर टॉवरसाठी वर्षे घालवायची गरज नाही.

ठराव कसा लिहायचा

"टॉवर मिळावा" एवढ्यावर ठराव संपला की पुढचे सर्वेक्षण कोणी तरी नंतर करेल म्हणून राहते. ठरावातच सर्वेक्षण द्या. मसुदा साधारण असा (एलजीडी कोड म्हणजे सरकारी यादीतला गावाचा क्रमांक):

"मौजे ____, तालुका ____, जिल्हा ____, गावाचा एलजीडी कोड ____. या गावाच्या गावठाणात ४जी सेवा आहे. परंतु पुढील तीन वाड्यांत ती मिळत नाही. वाडीचे नाव, उंबरे, लोकसंख्या, अक्षांश-रेखांश, मोजणीची तारीख आणि कंपनीनिहाय डीबीएम सोबतच्या तक्त्यात दिले आहे. गट क्रमांक ____ मधील २०० चौरस मीटर शासकीय जागा टॉवरसाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सातबारा उतारा सोबत जोडला आहे. जागेपासून वाहन जाणारा रस्ता ____ मीटरवर, महावितरणचा जवळचा खांब ____ मीटरवर आहे. या जागेवरून तिन्ही वाड्या उघड्या डोळ्यांनी दिसतात."

शेवटचे वाक्य फुकटचे नाही. टॉवर ४० मीटर उंच असला तरी डोंगराच्या सावलीत सिग्नल पोहोचत नाही. गावठाणाजवळची सोयीची जागा दिली की टॉवर पुन्हा गावठाणालाच उजेड देतो आणि वाड्या होत्या तिथेच. जागा निवडायला सरपंच आणि वाडीतला गुराखी असे दोघे मिळून जा. कुठल्या टेपावरून सगळ्या वस्त्यांचे दिवे दिसतात, ते गुराख्याला पाठ असते. पण टेपावर रस्ता आणि वीज नसेल तर काम अडते, तेव्हा दोन पर्यायी जागा द्या.

जागेत अडचण दोन प्रकारची येते. गायरान असेल तर नुसत्या ठरावाने जागा मिळत नाही. अंतिम आदेश महसूल खात्याचा असतो, म्हणून ठरावाची प्रत तहसीलदारांना त्याच दिवशी द्या. वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याचे कलम ३(२) वाचा. शासनाने चालवायच्या सुविधांसाठी, ज्यांत वीज आणि दूरसंचार वाहिन्या येतात, ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे या मर्यादेत परवानगीची वाट आहे. कलमात शब्द 'वाहिन्या' असा असल्याने फायबरसाठी ती वाट सरळ आहे. टॉवरसाठी उपवनसंरक्षक कार्यालयाला आधीच लेखी विचारा, सहा महिन्यांनी प्रस्ताव परत येण्यापेक्षा ते बरे.

आणि काही वेळा विरोध गावातूनच होतो, किरणोत्सर्गाच्या भीतीने. ती भीती झटकून टाकू नका, आकडा दाखवा. भारतातली मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट येते. 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावर जवळचा टॉवर तपासता येतो आणि शुल्क भरून आपल्या घरी मोजणीही मागता येते.

पंचायतीतली पेटी

हा भाग जास्त तपशिलाने लिहितो, कारण इथे गावाला स्वतः बरेच करता येते.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेचेच नाव २०१५ मध्ये भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस द्यायचे होते. खर्च वाचवण्यासाठी नवी केबल फक्त पंचायतीपासून जवळच्या जुन्या फायबरच्या टोकापर्यंत टाकली, आणि तिथून तालुक्यापर्यंत बीएसएनएलची आधीचीच केबल वापरली. मुळातला कच्चा दुवा हाच. नवी केबल शाबूत असते आणि पंधरा-वीस वर्षांची जुनी केबल मधेच तुटते. शिवाय रचना सरळ रेषेची आहे. मधे कुठेही जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावे अंधारात.

आता पेटीसमोर उभे राहा. आत फायबरमधला प्रकाश घेऊन इंटरनेट देणारे ओएनटी नावाचे छोटे यंत्र, चार्जिंगचे युनिट, बॅटरी, आणि बऱ्याच ठिकाणी छतावर सोलर पॅनल असते. एकही दिवा लागत नसेल तर दोष विजेचा आहे, फायबरचा नाही. एमसीबी पडला आहे का पाहा, मग बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी चार्जिंग काढल्यावर १०.८ च्या खाली जात असेल तर ती संपली. बॅटरी पेटीतून काढून दुसरीकडे लावलेली असणे हेही गावोगाव घडते. तसे असेल तर तक्रारीआधी ती परत आणा.

पॉवरचा दिवा हिरवा आहे आणि 'लॉस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकतो, म्हणजे प्रकाश येत नाही. तेव्हा भिंतीपासून यंत्रापर्यंतची पिवळी दोरी पाहा. ती दुमडली असेल, कपाटाच्या दाराखाली चेपली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल तर तीच बदलायची आहे. करंगळीपेक्षा लहान वळण तिला सोसत नाही. टोक हिरवे असेल तर हिरव्यालाच जोडा. निळे टोक हिरव्यात बसते, पण प्रकाश वाया जातो. टोकाला बोट लावू नका आणि चालू फायबरच्या तोंडात डोळा घालून तर कधीच पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो. दोरी ठीक असूनही लाल दिवा असेल तर केबल बाहेर तुटली आहे. 'लॉस' बंद, 'पॉन' (तालुक्याच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा दिवा) हिरवा आणि तरी नेट नाही, असे असेल तर दोष तालुक्याच्या टोकाला किंवा जोडणीच्या खात्यात आहे. तक्रारीत हे तीनच शब्द लिहा: कोणता दिवा, कोणता रंग, कधीपासून. दुरुस्तीवाल्याची एक फेरी वाचते.

पेटी वारंवार बंद पडते त्याचे कारण हिशेबाने समजते. तालुक्याचे यंत्र साधारण अधिक ३ डीबीएम प्रकाश सोडते आणि तुमचे ओएनटी उणे २७ पर्यंत ऐकू शकते. म्हणजे वाटेत ३० डेसिबल खर्च करता येतात. जुनी २० किलोमीटर केबल किलोमीटरला ०.४ ने खाते, ८ गेले. प्रकाश अनेक गावांत वाटणारे स्प्लिटर १४ खातात. चार कनेक्टर २, वीस जोड २. एकूण २६, म्हणजे पंचायतीत उणे २३ पोहोचते आणि ४ डेसिबल शिल्लक राहतात. केबल तुटली की मधे तुकडा घालून दोन जोड मारतात. घाईत मारलेला जोड ०.३ खातो, म्हणजे एका तुटीला ०.६. अशा सात दुरुस्त्या झाल्या की प्रत्येक दुरुस्ती 'यशस्वी' असूनही पेटी बंद. म्हणून दुरुस्तीनंतर "चालू झाले" एवढ्यावर सही देऊ नका. पॉवर मीटर लावून किती डीबीएम येतात तो आकडा नोंदवहीत लिहून घ्या. तो दर वेळी घसरत असेल तर केबल बदलण्याची मागणी करायला तुमच्याकडे लेखी आधार तयार होतो.

तक्रार कोणाकडे, हे पेटीवरच्या स्टिकरवरून ठरते. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्याचे जाळे केंद्राच्या बीबीएनएल या कंपनीने उभारले आणि २०२२ पासून ते बीएसएनएलकडे आहे. दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने आपल्या महाआयटी या कंपनीमार्फत 'महानेट' या नावाने केले. एका तालुक्यात दोन्ही टप्प्यांतली गावे शेजारी-शेजारी असू शकतात. गटविकास अधिकाऱ्यांना प्रत द्या, पण मूळ तक्रार योग्य यंत्रणेकडेच जाऊ द्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: पेटीचा सुपूर्दनामा, आणि गेल्या बारा महिन्यांत ती किती तास चालू होती याची नेटवर्क केंद्रातली नोंद. ती नोंद यंत्रे आपोआप करतात. ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दूरसंचार समितीत किंवा केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यातला आढावा घेणाऱ्या खासदारांच्या दिशा समितीत विषय ठेवा.

४ ऑगस्ट २०२३ ला १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला आहे. त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तर प्रकाश दुसऱ्या बाजूने येतो. ज्याने बांधले त्यानेच दहा वर्षे चालवायचे, ही अटही आहे. माझ्या मते पैशापेक्षा ही अट मोलाची, कारण पहिल्या टप्प्यात टाकणाऱ्याचे बिल निघाल्यावर चालवणारा कोणी उरला नाही. पंचायतीपलीकडच्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची तरतूद आहे. "मागणीनुसार" हा शब्द धरून ठेवा. मागणी लेखी नसेल तर ती नाहीच असे धरले जाते.

टॉवर येईपर्यंत वाडीत काय

पेटी चालू झाली की वाडीपर्यंत फायबरची घरगुती जोडणी ओढता येते. खांबांवरून केबल नेणार असाल तर महावितरणची परवानगी घ्या. मधे दरी असेल तर ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ लावता येतात. एक पंचायतीच्या छतावर, एक वाडीतल्या शाळेवर, समोरासमोर दिसणारे. या पट्ट्याला २०१८ पासून परवाना लागत नाही, तीन-चार किलोमीटर सहज निघतात, मात्र मधे एकही झाड आडवे नको. वाडीतल्या दुकानात पीएम-वाणीचे, म्हणजे दुकानांतून सार्वजनिक वायफाय देण्याच्या केंद्राच्या योजनेचे, वायफाय केंद्र ठेवा. दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. जून २०२५ च्या ट्राय आदेशाने अशा केंद्राला २०० एमबीपीएसपर्यंतची जोडणी घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येत नाही.

आणि मग फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. ज्या वाडीत टॉवरची एक काडी नाही, तिथे नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखा फोन लागतो, १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येईल इतका. फक्त आपल्या कंपनीचे सिम आणि फोन ही सोय देतात का ते आधी पाहा. वीज गेली की वायफायही जाते, म्हणून राउटर, रेडिओ आणि ओएनटी या तिघांना वेगळ्या छोट्या यूपीएसवर ठेवा. तिघांची मिळून गरज साधारण ३० वॉटची असते. १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली तरी सात-आठ तास निघतात.

नवी केबल टाकायला माणसे येतील तेव्हा एक माणूस मोजपट्टी घेऊन चरीजवळ उभा करा. पहिल्या टप्प्याच्या निकषांत साध्या मातीत १.६५ मीटर खोली होती. नव्या कामाचा आकडा कामाच्या आदेशात बघा आणि चर बुजण्याआधी पट्टी धरून फोटो काढा. केबल कुठे रस्ता ओलांडते, कुठे मोरीखालून जाते, ते गावाच्या नकाशावर रंगवा. जलजीवनची पाइपलाइन किंवा रस्त्याचे रुंदीकरण सुरू होण्याआधी ठेकेदाराला 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर खोदाईची सूचना टाकायला लावा, आणि तो नकाशा जेसीबी चालवणाऱ्याच्या हातात स्वतः नेऊन द्या.